नाशिकची नावे : लेखांक सहावा – गोदावरी

‘त्र्यंबक’ या नावाचा विचार गेल्या आठवड्यात पुरा झाला. ब्रह्मगिरीवरून आता खाली उतरायचे, तर नदीच्या सोबतीनेच उतरले पाहिजे. ज्या नदीच्या पाण्यावर हे शहर जगते, जिच्या काठी दर बारा वर्षांनी सिंहस्थात देशभरचे लोक लोटतात आणि जिचा जन्मोत्सव माघ शुद्ध दशमीस रामकुंडावर साजरा होतो, तिचे नाव आज कोणी आपल्या तान्ह्या मुलीला ठेवले, तर बारशाला जमलेल्या बायका क्षणभर एकमेकींकडे पाहतील. ‘गोदावरी’ हे नाव शाळेच्या हजेरीपटावरून जवळजवळ उठून गेले आहे. नदीचा विसर पडला म्हणून ते गेले, असे मात्र मला वाटत नाही.

प्रथम अर्थ पाहू. ‘गो’ या शब्दाला कोशांत गाय, वाणी, पृथ्वी, किरण, जल, स्वर्ग असे नाना अर्थ दिलेले आहेत आणि ‘दा’ म्हणजे देणारी. त्यामुळे पाणी देणारी, किंवा स्नानमात्रे स्वर्ग देणारी, अशी ‘गोदा’ची फोड जुने टीकाकार करीत आले. ब्रह्मपुराणातील गौतमीमाहात्म्य ज्याने लहानपणी आजीच्या तोंडून ऐकले असेल, त्याला मात्र गायच आठवते: गौतमऋषींच्या शेतात शिरलेली, दर्भाच्या काडीने मरून पडलेली, आणि शिवाच्या जटेतून ब्रह्मगिरीवर उतरलेल्या प्रवाहाने पुन्हा उठून उभी राहिलेली. ‘वरी’ म्हणजे श्रेष्ठ, असे सर्रास सांगितले जाते. परंतु ‘विभावन्’चे स्त्रीलिंगी रूप जसे ‘विभावरी’, तसाच हा प्रत्यय असावा, हे मला अधिक सयुक्तिक वाटते. ज्या घरात मुलीचे नाव हौसेने विभावरी ठेवले जाते आणि गोदावरी हे जुनाट म्हणून नाकारले जाते, त्या घराने आपण एकाच साच्यातील दोन नावांपैकी एक निवडले, एवढे तरी जाणावे.

पण या संस्कृत व्युत्पत्तीवर मी सर्वस्वी विसंबणार नाही. हाल सातवाहनाच्या गाथासप्तशतीत, म्हणजे आपल्या भूमीतील महाराष्ट्री प्राकृताच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात, ही नदी ‘गोला’ या नावाने वाहते; तिच्या काठच्या झाडीत भेटणाऱ्या तरुण-तरुणींना गाय, स्वर्ग आणि गौतम यांची आठवणही नसते. पाली सुत्तनिपातात बावरी नावाचा ब्राह्मण जिच्या तीरी राहतो ती नदी ‘गोधावरी’ आहे. लोकांच्या जिभेवर आधीपासून रुळलेल्या एखाद्या शब्दाला पंडितांनी मागाहून संस्कृताचे वस्त्र नेसवले असावे, अशी माझी समजूत आहे, आणि त्याने नावाचे मोल कमी न होता वाढतेच. दक्षिणेकडे तर आणखी निराळा प्रकार आढळतो. श्रीविल्लिपुत्तूरची संतकवयित्री आंडाळ हिचे मूळ तमिळ नाव ‘कोदै’, म्हणजे फुलांची माळ. तेच संस्कृतात ‘गोदा’ झाले. नाशिकची गोदा आणि तमिळ देशाची गोदा यांचा उगम एक नाही, तरी उच्चारात दोघी भेटतात. उलट, पांडवलेण्यांतील शिलालेखात जी गौतमी बलश्री येते तिचा या नदीशी नावापुरताही संबंध जोडू नये. तिथे ‘गौतमी’ हा गोत्राचा निर्देश आहे.

आता मुलीला नदीचे नाव द्यावे की नाही, हा प्रश्न. आजच्या वाचकास तो विचित्र वाटेल, परंतु मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात विवाहास अयोग्य अशा कन्यांची जी यादी आहे तीत नक्षत्रांची, वृक्षांची आणि नद्यांची नावे धारण करणाऱ्या मुली स्पष्ट सांगितलेल्या आहेत. महाराष्ट्राने या आज्ञेस काडीची किंमत दिली नाही. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, भीमा, कावेरी ही नावे आपल्या आज्या-पणज्यांत घरोघर होती, आणि ती ठेवणारे लोक नास्तिक होते असे कोणी म्हणणार नाही. स्मृतीपेक्षा नदी त्यांना जवळची होती. हा लोकांचा विवेक मला फार मोलाचा वाटतो.

मग ही नावे गेली कुठे? लग्नाच्या मांडवात गेली. ताम्हनात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने नवऱ्याने नवे नाव लिहायचे, या शिरस्त्यात सर्वच मुलींची माहेरची नावे पुसली जात असत. नद्यांचा त्यातून अपवाद नव्हता. १८७३ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या घरी आलेली कुर्लेकरांची यमुना रमाबाई झाली. कल्याणला १८६५ साली जन्मलेली यमुना जोशांच्या घरी आनंदी झाली आणि १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाली ती आनंदीबाई जोशी म्हणून. देवरुखच्या जोशांची बालविधवा कन्या गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकली आणि १८९३ च्या मार्चमध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला, तेव्हा तीही आनंदीच झाली. तीन मुली, दोन नद्या, आणि इतिहासाच्या दफ्तरात तिन्ही ठिकाणी दुसरेच नाव दाखल आहे.

गोदूबाईंचे प्रकरण मला विशेष अस्वस्थ करते. विधवेच्या नावामागे ‘गं. भा.’ लिहिण्याची आपली चाल, म्हणजे ‘गंगा भागीरथी’. जिचे कपाळ पुसले तिला नदीची पदवी द्यायची, हा विधी समाजाने बिनतक्रार पाळला. आणि १८९३ साली एका बाईने ती पदवी धैर्याने टाकून दिली, त्याच दिवशी तिच्या आईबापांनी दिलेले नदीचे नावही तिच्या हातून सुटले. पुनर्विवाहाचे पुण्य याने उणे होत नाही. तरी ते नाव राहिले असते, तर मला आनंद वाटला असता.

नियतीने त्याची भरपाई काही प्रमाणात केली म्हणावी लागेल. त्याच कर्व्यांच्या घरात पुढे दिनकररावांच्या पत्नी म्हणून आलेल्या इरावतीबाई १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मल्या होत्या आणि तेथील महानदीचेच नाव त्यांना मिळाले होते. ते त्यांनी लग्नानंतरही टाकले नाही. भास्कररावांच्या पत्नी कावेरीबाई, आणि सासूबाईंचे ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र संपादित केले ते त्यांनीच. सासू मूळची गोदावरी, सुना इरावती आणि कावेरी: मनूने वर्ज्य केलेल्या तीन नद्या एका घरी नांदल्या.

गोदावरी हे नाव जन्मभर आणि उजळ माथ्याने वागवले ते गोदावरी परुळेकर यांनी. पुण्याच्या गोखल्यांची, १९०७ साली जन्मलेली ही वकील कन्या ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध १९४५ साली उभी राहिली, आणि ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या तिच्या ग्रंथास १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सोलापूरनजीक विडी कामगार स्त्रियांसाठी बांधलेल्या १०,००० घरांच्या वसाहतीला त्यांचेच नाव आहे. पण ते ‘गोदूताई’ या घरगुती रूपात. गोदी, गोदू, गोदाक्का, गोदामावशी ही रूपे इतकी प्रेमळ, की त्यांच्याआड मूळ नाव झिजून गेले, हेही खरे.

नाशिकात आणखी एक गोष्ट घडली. येथील माणूस नदीला गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतो. “गंगेवर जाऊन येतो,” असे म्हणून तो घराबाहेर पडतो, आणि पावसाळ्यात “गंगेला पूर आलाय, दुतोंड्या मारुती बुडाला” अशी वार्ता गल्लीत पोचते. त्यामुळे ऐन गोदाकाठी नदीचे नाव मुलीला द्यायचे झाले, तर ते गंगा, गंगूबाई असेच तोंडी येणार. गोदावरी हे नाव नदीपासून दूरच्या घरांतही रुजले: मिथिलेच्या चित्रपरंपरेतील ख्यातनाम कलावती गोदावरी दत्त यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली, त्या बिहारच्या.

आज हे नाव कोठे तग धरून असेल, तर ते पत्रिकेत. शततारका नक्षत्राच्या पहिल्या चरणास ‘गो’ हे अक्षर येते, रास कुंभ; आणि ‘गो’वरून मुलीचे नाव शोधू लागले की गोमती, गोपिका, गोदावरी यांच्यापलीकडे यादी फारशी जात नाही. ज्योतिषी पत्रिकेच्या कोपऱ्यात नावरस नाव म्हणून ‘गोदावरी’ लिहितो, घरचे पाळण्यात दुसरेच काही म्हणतात, आणि ते नाव पुन्हा लग्नाच्या वेळी गुणमेलनापुरते बाहेर येते.

आमच्या घरी माझ्या पणजीचे नाव रमा होते, एवढेच मला ठाऊक होते. रामकुंडावर आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेल्या चैत्रात बसलो असताना त्यांनी खारव्याच्या बासनातून वही काढली. लांबट पाने, बोरूची मोडी, कडेला तेलकट झालेले कोपरे. गाव, आडनाव सांगताच पान सापडले आणि पणजोबांच्या यात्रेच्या नोंदीत ‘स्त्री रमा’ असे स्वच्छ वाचता आले. पणजीचे माहेर निफाडकडचे, हे बोलण्यात आले तेव्हा गुरुजी म्हणाले, “ते गाव आमच्याकडे नाही, पलीकडच्यांकडे आहे. चला, दाखवतो.” पलीकडच्या ओट्यावर दुसरी वही उघडली. पणजीच्या वडिलांची यात्रा, त्यांच्या बायकोचे, भावाचे नाव, आणि शेवटी एका ओळीत, हात जरा आखडून लिहिलेले: ‘कन्या गोदा’.

मी आमच्या उपाध्यायांना विचारले, आपल्या वहीत हे लिहिता येईल का? “तशी चाल नाही,” ते म्हणाले, आणि थोडा वेळ पानाकडे पाहत राहिले. मग चष्मा पुसून, पेन उचलून, ‘रमा’च्या शेजारी बारीक देवनागरीत त्यांनी ‘माहेरची गोदा’ असे लिहिले, आणि शाई वाळेपर्यंत वही तशीच मांडीवर उघडी ठेवली.