ढाक्याहून राजीनामा देणारा जनरल : साहबजादा याकूब खान

फाळणीच्या वाटण्यांचा विषय निघाला की बग्गीचा किस्सा हमखास सांगितला जातो. व्हाइसरॉयची सोनेरी घोडागाडी भारताने ठेवायची की पाकिस्तानने न्यायची, यावर काही जमेना. शेवटी नाणं उडवलं आणि गाडी भारताकडे राहिली. २६ जानेवारी २०२४ ला राष्ट्रपती मुर्मू आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन याच बग्गीतून कर्तव्यपथावर आले, तेव्हा हा किस्सा पुन्हा मोबाईलवर फिरला. त्यात नाणेफेक हरलेला पाकिस्तानी अधिकारी म्हणजे साहबजादा याकूब खान. सांगणारे बहुतेक इथेच थांबतात. आम्हाला त्यांच्याबद्दल सांगायचंय ते १९७१ चं.

याकूब खान मूळचे रामपूरचे. जन्म डिसेंबर १९२० चा, नवाबांच्या नात्यातलं घर. वडील अब्दुस्समद खान रामपूर संस्थानाचे दिवाण होते. डेहराडूनला लष्करी शिक्षण झालं आणि १९४० मध्ये ते घोडदळात अधिकारी झाले. फाळणीत ते पाकिस्तानात गेले, सख्खे भाऊ युनूस खान मात्र भारतीय सैन्यातच राहिले. अशी विभागलेली घरं आपल्या ओळखीतही असतात, त्यामुळे यावर जास्त लिहायला नको.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, ते उत्तर आफ्रिकेत शत्रूच्या हाती सापडले आणि इटलीतल्या अवेझानोच्या छावणीत कैदी म्हणून राहिले. तिथे हिंदुस्थानी अधिकारी बरेच होते. पुढे भारताचे लष्करप्रमुख झालेले कुमारमंगलम होते, आणि याह्या खान नावाचा एक तरुण अधिकारीही होता. १९४३ मध्ये इटलीने हत्यार टाकल्यावर याकूब आणि कुमारमंगलम पळाले, काही काळ इटालियन शेतकऱ्यांच्या घरी लपले आणि नंतर जर्मनांच्या हाती लागले. कैदेतला वेळ याकूब यांनी भाषा शिकण्यात घालवला. इटालियन, जर्मन, रशियन, फ्रेंच असं करत करत त्यांची यादी लांबत गेली.

१९६९ मध्ये त्यांना पूर्व पाकिस्तानच्या लष्कराचे प्रमुख म्हणून ढाक्याला पाठवलं, तेव्हा त्यांनी बंगालीही शिकून घेतली. ही गोष्ट छोटी नाही. उर्दूच राजभाषा, या हट्टापायी २१ फेब्रुवारी १९५२ ला याच ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला होता. पश्चिमेकडून आलेल्या बहुतेक अधिकाऱ्यांना बंगाली शिकण्याची गरज कधी वाटलीच नाही. आम्ही घरात उर्दू आणि वर्गात, बाजारात मराठी बोलणारी माणसं. समोरच्याच्या भाषेत दोन वाक्यं बोललं की तो काय काय सांगायला लागतो, हे आपल्याला ठाऊक आहे. याकूब खानांनाही ढाक्यातली माणसं काय बोलतायत ते कळत होतं.

डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत नॅशनल असेंब्लीच्या ३०० जागांपैकी शेख मुजीब यांच्या अवामी लीगने १६० जिंकल्या, सगळ्या पूर्वेतल्या. भुट्टोंच्या पक्षाला ८१. म्हणजे सरकार मुजीब यांचंच व्हायला हवं होतं. ३ मार्चला ढाक्यात बैठक ठरली होती. १ मार्चला राष्ट्राध्यक्ष याह्या खान यांनी ती पुढे ढकलली आणि ढाका रस्त्यावर आलं. होय, हे याह्या तेच, अवेझानोच्या छावणीतले.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. परिस्थिती बिघडली तर लष्करी बळ कसं वापरायचं, याची 'ब्लिट्झ' नावाची योजना याकूब यांच्याच हाताखाली तयार झालेली होती. ते काही फकीर नव्हते, शिस्तीचे जनरल होते. पण मार्च उजाडेपर्यंत त्यांची खात्री झाली की आता बंदूक चालवली तर देश तुटेल. हा प्रश्न राजकीय आहे, लष्कराने सुटणार नाही, तुम्ही स्वतः ढाक्याला या, असा त्यांचा आग्रह होता. याह्या आले नाहीत. ५ मार्चला याकूब यांनी राजीनामा पाठवला. दोन दिवसांनी त्यांच्या जागी टिक्का खान पोचले. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात काय झालं ते जगाला माहीत आहे. डिसेंबरात बांगलादेश झाला.

राजीनाम्याने कत्तल थांबली नाही, हे खरंच. त्यांनी उघड बोलायला हवं होतं, असं म्हणणारेही आहेत, आणि ते म्हणणं आम्हाला अगदीच चुकीचं वाटत नाही. तरी त्या दिवसांत वर्दी पणाला लावून 'नाही' म्हणणारे किती होते, हेही मोजावं. लष्करातली त्यांची कारकीर्द तिथेच संपली.

भुट्टोंनी त्यांना राजदूत केलं. पॅरिस, मग वॉशिंग्टन, नंतर मॉस्को. मार्च १९७७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये हमास अब्दुल खालिस यांच्या हनफी गटाने तीन इमारतींत सुमारे दीडशे लोकांना ओलीस धरलं. खालिस यांच्या घरच्यांची, लहान मुलांसकट, १९७३ मध्ये हत्या झाली होती. मारेकरी आमच्या ताब्यात द्या, अशी त्यांची एक मागणी होती. पोलीस हतबल झाले तेव्हा याकूब खान, इराणचे झाहेदी आणि इजिप्तचे घोरबाल हे तीन राजदूत समोरासमोर बोलायला गेले. रागाने पेटलेल्या त्या बापाशी ते कुरआनच्या आयतींच्या आधाराने तासन्‌तास बोलत राहिले. ११ मार्चला पहाटे ओलीस सुटले. त्याआधी पहिल्याच दिवशी एक तरुण रेडिओ पत्रकार मारला गेला होता.

१९८२ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानातून काढण्यासाठी संयुक्त राष्ट्रांमार्फत जिनिव्हात वर्षानुवर्षं ज्या वाटाघाटी चालल्या, त्यात पाकिस्तानची बाजू तेच मांडत. करार एप्रिल १९८८ मध्ये झाला, तेव्हा मात्र ते मंत्रिपदावर नव्हते. नंतर बेनझीर यांच्या काळातही ते मंत्री होते. जानेवारी १९९० मध्ये काश्मीर पेटलेलं असताना ते दिल्लीला आले आणि त्यांची भाषा भारताला धमकीवजा वाटली. तिथे ते आपल्या देशाचे मंत्री म्हणून बोलत होते, रामपूरचे म्हणून नव्हे.

पुढे पश्चिम सहाराच्या प्रश्नावर त्यांनी संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी म्हणून काम केलं. कराचीच्या आगा खान विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाचे ते पहिले अध्यक्ष होते आणि ती जबाबदारी त्यांनी बरीच वर्षं सांभाळली. २६ जानेवारी २०१६ ला, वयाच्या ९५ व्या वर्षी, इस्लामाबादमध्ये त्यांचा इंतकाल झाला.