चौकोनी कुटुंबाची चाचणी

कुठल्याही मराठी मंडळाकडे एक यादी असते. आधी ती जाड पुठ्ठ्याच्या वहीत असते, मग कोणीतरी उत्साही सभासद ती एक्सेलमध्ये उतरवतो, आणि काही वर्षांनी कार्यकारिणीच्या बैठकीत ठरतं की आता आपलं 'ॲप' हवं. लगेच मंडळात जो कोणी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो त्याच्याकडे सगळ्यांच्या माना वळतात. हैदराबादेत अशी माणसं शोधावी लागत नाहीत. त्यांतलाच मी एक. इथल्या एका छोट्या मंडळाच्या सभासद-यादीचं वेब ॲप्लिकेशन आम्ही तिघं सुट्टीच्या दिवशी बसून लिहितो आहोत. त्यानिमित्तानं आमच्या धंद्यातल्या दोन गोष्टींबद्दल सांगायचं आहे. एक डेटा मॉडेलिंग, म्हणजे माहितीची मांडणी. दुसरी टेस्टिंग, म्हणजे चाचणी. हे शब्द वाचून पुढच्या लेखाकडे वळू नका. विषय आपल्याच घरांचा आहे.

मांडणी म्हणजे, प्रोग्रामला कोणत्या वस्तू दिसाव्यात आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय, हे आधी ठरवणं. आज आपण वापरतो त्या बहुतेक डेटाबेसचं मूळ १९७० सालच्या एका शोधनिबंधात आहे. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी तो लिहिला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, एका तक्त्यातली ओळ दुसऱ्या तक्त्यातल्या ओळीशी मूल्यांनी जोडावी, असा त्याचा ढोबळ गाभा. कल्पना सोपी वाटते. पण तक्ता कशाचा करायचा, एका ओळीत काय मावायचं, कोणता रकाना रिकामा चालेल आणि कोणता नाही, हे कॉड सांगत नाहीत. ते आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि खरी पंचाईत तिथे होते.

जुन्या यादीत एक ओळ म्हणजे एक घर. पहिल्या रकान्यात कुटुंबप्रमुखाचं नाव, मग पत्ता, मोबाइल, पत्नीचं नाव, अपत्य १, अपत्य २. ओळख पटवायला प्रमुखाचा मोबाइल नंबर. याव्यतिरिक्त जे काही असेल ते 'शेरा' या रकान्यात. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. वहीत असंच होतं, वहीच्या आधी वर्गणीच्या पावतीवर असंच होतं, आणि रेशनकार्डावरही वर्षानुवर्षं असंच होतं.

२०२० साली लॉकडाउन लागला तेव्हा मंडळातल्या तरुणांनी ठरवलं, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना रोज फोन करायचा. औषधं, दूध, किराणा हवा का विचारायचं. यादी गाळली, नंबर वाटून घेतले, आणि काम नेटकं चाललं. आठवडाभरानं एका बाईंनी सहज विचारलं, "आमच्या शेजारच्या काकूंना तुमचा फोन का नाही आला?" काकूंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले होते. त्यांच्या निधनाची बातमी आल्यावर कोणीतरी, यादी अद्ययावत ठेवायची म्हणून, ती ओळ काढून टाकली होती. ओळ गेली तशा काकूही गेल्या. मग वही काढून जुन्या नोंदी ताडून पाहिल्या, तर अशा आणखी बायका निघाल्या. ज्यांना फोनची सगळ्यांत जास्त गरज होती, नेमक्या त्याच यादीत नव्हत्या.

एक्सेलमध्ये हे हातानं झालं. डेटाबेसमध्ये ते आपोआप होऊ शकतं. तिथे 'ऑन डिलीट कॅस्केड' नावाचा नियम लावता येतो. मुख्य ओळ पुसली की तिच्यावर टेकलेल्या सगळ्या ओळी पुसल्या जातात. बिलाच्या बाबतीत हा नियम शहाणपणाचा आहे, कारण बिलच रद्द झालं तर त्यातल्या किराण्याच्या नोंदी कशाला ठेवायच्या? पण जुन्या यादीची मांडणी जशीच्या तशी उचलून, कर्त्याला मुख्य ओळ करून, त्यावर कोणी हा नियम लावला, तर एक बटण दाबल्यावर बायको-मुलं सगळी जातील, आणि संगणक 'यशस्वी' असा हिरवा संदेशही दाखवेल.

आता तुम्ही म्हणाल, मग चाचण्या कशासाठी असतात? चाचणी म्हणजे प्रोग्रामनंच प्रोग्रामला विचारलेले प्रश्न. एकेका तुकड्याला विचारले की युनिट टेस्ट, तुकडे जोडून विचारले की इंटिग्रेशन टेस्ट, आणि माणसासारखं ब्राउझर उघडून बटणं दाबत विचारले की एंड-टू-एंड टेस्ट. पहिल्या प्रकारच्या भरपूर, शेवटच्या प्रकारच्या थोड्या, असा साधारण रिवाज आहे. त्या प्रमाणावरून आमच्यात वाद चालतात. ते इथे नकोत.

अडचण अशी की मांडणी ज्या डोक्यातून निघते, चाचणीही बहुधा त्याच डोक्यातून निघते. चाचणीसाठी प्रोग्रामर खोटी माणसं बनवतात. ती कशी असतात? नाव राम पाटील, वय ४०, बायको सीता, मुलगा एक, मुलगी एक, सगळी हयात, सगळ्यांना आडनाव, सगळ्यांना जन्मतारीख. कुटुंबनियोजनाच्या जुन्या जाहिरातीतलं चौकोनी कुटुंब. त्याच्यावर शंभर चाचण्या चालवा, शंभरही पास होतील. 'प्रमुख पुसल्यावर त्याची ओळ दिसता कामा नये' ही चाचणी तर छान पास होईल. काकू कुठे गेल्या हे विचारायचं कुणाच्या मनातच आलेलं नसतं. चाचणीनं चुका आहेत हे दाखवता येतं, नाहीत हे सिद्ध करता येत नाही, असं डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९६९ साली रोमच्या परिषदेतच सांगून ठेवलं आहे. मला त्यात एवढंच घालावंसं वाटतं की मांडणीतली चूक चाचणीला दिसतही नाही. तिच्या दृष्टीनं ती चूकच नसते.

म्हणून आम्ही आधी मांडणी मोडली. आता तीन वेगळे तक्ते आहेत: व्यक्ती, घर, आणि 'कोण कोणत्या घरात कधीपासून कधीपर्यंत'. कुटुंबप्रमुख ही कुणाची ओळख नाही, ती एक भूमिका आहे. आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. मृत्यू झाला तर तारीख लिहायची, ओळ पुसायची नाही. मोबाइल नंबर ओळख म्हणून बाद केला, कारण कित्येक घरांत आजीचा आणि नातवाचा नंबर एकच असतो. प्रत्येक व्यक्तीला एक निरर्थक क्रमांक दिला. निरर्थक मुद्दामच, कारण ज्याला अर्थ असतो ते कधीतरी बदलतं.

मग चाचणी लिहिली, आणि तीच मला सगळ्यांत आवडते. कर्त्याच्या निधनाची नोंद करा. नोंदीआधी घरातली हयात माणसं मोजा, नोंदीनंतर पुन्हा मोजा. आकडा बरोबर एकानं कमी झाला पाहिजे. जुन्या मांडणीवर हीच चाचणी चालवली असती तर आकडा एकदम शून्यावर आला असता. अशा, कोणत्याही घराला लागू पडणाऱ्या नियमाच्या चाचण्यांसाठी खास साधनं आहेत. हॅस्केल भाषेसाठी क्लासेन आणि ह्यूज यांनी केलेलं क्विकचेक त्यातलं आद्य. त्यावरचा त्यांचा निबंध २००० सालचा. नियम तुम्ही सांगायचा, आणि तो मोडेल अशी शेकडो विचित्र घरं साधन स्वतः रचून पाहतं. त्याच्या घरांत विधुर असतात, एकटी आजी असते, माणूसच नसलेलं घरही असतं. चौकोनी कुटुंब क्वचितच निघतं.

नावांचा प्रकार तर वेगळाच. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, आणि काही घरांत तांदळावर लिहून पहिलं नावही बदलतं. मुलगी म्हणून मंडळाची शिष्यवृत्ती घेतलेली व्यक्ती आणि वीस वर्षांनी त्याच शिष्यवृत्तीला देणगी देणारी बाई एकच आहे, हे यादीला कळायचं कसं? त्यात हैदराबादेत तेलुगू सुना-जावई. त्यांच्यात घराण्याचं नाव आधी आणि तेही पुष्कळदा एका आद्याक्षरापुरतं. 'आडनाव आवश्यक आहे' असं लाल अक्षरांत ओरडणाऱ्या फॉर्मसमोर बिचारा जावई काय करणार? म्हणून नावांचाही वेगळा तक्ता केला. एका व्यक्तीची कितीही नावं, प्रत्येकापुढे प्रकार आणि काळ. पूर्ण नाव एका ओळीत, सांगणाऱ्याला हवं त्या क्रमानं.

देवनागरीची गंमत इथेच आली. सुरुवातीला एक सूचना होती की पहिल्या नावाला बारा अक्षरं पुरेत. 'लक्ष्मीनारायण' डोळ्यांनी मोजा: सहा. संगणक क, हलन्त, ष, पुन्हा हलन्त, काना, वेलांटी हे सगळं सुटं मोजतो, म्हणून त्याच्या हिशेबानं तेरा. म्हणजे दारातच अडला. यापेक्षा फसवं म्हणजे 'वऱ्हाडपांडे'. यातला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड खास ऱ वापरतात, काही साधा र आणि मधे एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, संगणकाला मात्र दोन वेगळी आडनावं. शोधलं तर अर्धे वऱ्हाडपांडे सापडतात, अर्धे नाहीत. 'ॲ'चंही तसंच: एक सुटं अक्षर, किंवा अ वर चंद्र. नोंद करताना हे एकसारखं करून घ्यावं लागतं.

यात एक धडा चाचणीच्या जागेचाही आहे. चाचण्या भराभर चालाव्यात म्हणून पुष्कळ जण त्या एसक्यूलाइट या हलक्या डेटाबेसवर चालवतात आणि खरं काम पोस्टग्रेसवर. एसक्यूलाइट गुणी आहे, पण बारा अक्षरांची मर्यादा तो पाळत नाही, आणि दोन तक्त्यांतल्या नात्याचे नियमही मुद्दाम सांगितल्याशिवाय तपासत नाही. म्हणजे घरच्या तालमीत लक्ष्मीनारायण पास, प्रयोगाला नापास. आम्ही चाचण्या पोस्टग्रेसवरच चालवतो. वेळ लागतो, तेवढ्यात चहा होतो.

राहिल्या जन्मतारखा. पंचाहत्तरी झालेल्या सभासदांचा मंडळ दरवर्षी सत्कार करतं. जुनी यादी प्रमाण मानली तर दर १ जूनला सत्काराची रांग लागेल, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी कित्येकांना हीच तारीख बहाल केली. काहींना फक्त 'पोलीस ॲक्शनच्या वर्षी' एवढंच ठाऊक, म्हणजे १९४८. आणि ज्यांच्याकडे निजामाच्या काळातला उर्दू दाखला आहे, त्यावर फसली सन. फसली १३५० म्हणजे ऑक्टोबर १९४० ते ऑक्टोबर १९४१. सरसकट ५९० मिळवणारा प्रोग्राम जानेवारी ते सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या प्रत्येकाला एका वर्षानं म्हातारं करतो. ही चाचणी आम्हाला एका आजोबांनी दाखला पुढे ठेवून दिली, कुठल्याही पुस्तकात ती सापडली नसती. डेटाबेसचा तारखेचा रकाना मात्र हट्टी असतो. त्याला दिवस, महिना, वर्ष तिन्ही लागतात, आणि माणसं मग काहीतरी ठोकून देतात. म्हणून तारखेशेजारी आणखी दोन रकाने ठेवले: ती कितपत खात्रीची, आणि सांगणाऱ्यानं जसं सांगितलं तसं, त्याच्याच शब्दांत.

एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. संगणकाच्या क्रमांकांत तो ल च्या लगेच पुढे बसला आहे. म्हणून सरळ क्रम लावला की काळे हे कावळ्यांच्या आधी येतात, आणि मराठी क्रम लावला की नंतर. मला मराठी क्रम हवा आहे. आमच्यातला एक म्हणतो, लोक मोबाइलवर शोधूनच घेणार, क्रम कोण पाहतो? छापील स्मरणिका निघेल तेव्हा कळेल.

येत्या महिन्यात सभासदांकडे नवा फॉर्म येईल. त्यात जन्मतारखेखाली 'नक्की माहीत नाही' अशी चौकट आहे, ती खुशाल वापरा. माहेरचं नाव लिहायला जागा आहे. आणि घरातलं कोणी गेलं असेल तर त्यांचं नाव गाळू नका, तारीख लिहा. मागे राहिलेल्यांचं नाव आणि त्यांचा स्वतःचा फोन नंबर मात्र आठवणीनं भरा.