तोळाभर दोरी

गेल्या दिवाळीत माझा भाचा परदेशातून आला, तेव्हा त्याच्या सामानात अडीच फूट लांबीची एक नळी होती. घरातल्या मंडळींनी तीत एखादे चित्र गुंडाळून आणले असेल असे धरले. निघाली ती मासे धरण्याची काठी! चार तुकडे एकमेकांत बसवले की नऊ फूट होणारी, आणि हातात घेतली तर फुलासारखी हलकी.

भाच्याचे आजोबा, म्हणजे माझे वडील, आमच्या आंजीला धाम नदीच्या डोहावर मानवेलाची काठी घेऊन तासन्‌तास बसत. नातवाला बरोबर नेण्याचे त्यांनी कबूल केले होते. ते राहून गेले. आता आजोबा नाहीत आणि नातवाची रजा अवघी बारा दिवसांची. त्या डोहातला एक तरी मासा आपल्या हाताने धरावा, एवढेच त्याच्या मनात होते.

वाचकांपैकी ज्यांनी लहानपणी गळ टाकला असेल त्यांना ठाऊक आहे, की आपल्या गळाला शिशाची गोळी असते. गोळी पुढे जाते आणि आपल्यामागून दोरी ओढून नेते. भाच्याच्या विद्येत सगळा प्रकार उलटा. तिथे आमिष म्हणजे पिसे आणि रंगीत धागे गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजन असे नाहीच. फुंकर मारली तरी उडेल. मग ती लांब जावी कशी? तर तिथे दोरीच जाड आणि वजनदार असते. काठी मागे-पुढे झुलवली की दोरीच्या ओझ्याने काठी वाकते, वाकलेली काठी सरळ होताना दोरीला फेकते, आणि दोरीच्या शेवटी बांधलेले बारीक तंगूस माशीला अलगद पाण्यावर उतरवते. म्हणून काठी आणि दोरी ही जोडी जमावी लागते. दोरी हलकी पडली तर काठी वाकतच नाही. फार जड झाली तर काठी केविलवाणी लवते आणि दोरी पायाशी येऊन पडते.

ही जोडी जमवायची कशी? पूर्वी ह्या दोऱ्या रेशमाच्या असत. रोज संध्याकाळी वाळवायच्या, चरबी चोळून ठेवायच्या. एक मूल सांभाळण्याइतके काम! त्यांची प्रत जाडीवरून ठरे आणि जाडीला इंग्रजी अक्षरे दिलेली असत. रेशीम सगळे सारखेच, तेव्हा जाडीवरून वजनाचा अंदाज येई. पुढे नायलॉन आले आणि घोटाळा झाला. तेवढ्याच जाडीचे नायलॉन रेशमापेक्षा हलके भरते. अक्षर तेच, पण काठी काही केल्या वाकेना. तेव्हा १९६१ साली अमेरिकेतील मासेमारीचे सामान करणाऱ्या कारखानदारांच्या संघटनेने जाडी सोडून वजन धरले. दोरीचे पहिले तीस फूट तोलायचे आणि त्यावरून नंबर द्यायचा. वजन ग्रेनमध्ये. तीन नंबर म्हणजे १०० ग्रेन, पाच म्हणजे १४०, सहा म्हणजे १६०, सात म्हणजे १८५.

हे आकडे मला प्रथम परके वाटले. मग आठवले की आपला जुना इंग्रजी अमदानीतला तोळा १८० ग्रेनांचा! म्हणजे सात नंबरची दोरी जवळजवळ एक तोळा, पाच नंबरची पाऊण तोळ्याहून किंचित जास्त, तीन नंबरची अर्ध्या तोळ्याहून थोडी वर. हे सांगितल्यावर आमच्या सौभाग्यवतींनाही ह्या शास्त्रात एकाएकी गोडी वाटू लागली.

काठीच्या मुठीजवळही असाच नंबर लिहिलेला असतो. भाच्याची काठी पाच नंबरी आणि दोरीही पाच नंबरी. पुस्तकाप्रमाणे छत्तीस गुण जुळलेले! तरी पहिले तीन दिवस नुसते हात दुखले. दोरी पाण्यावर वेटोळे होऊन पडे, नाहीतर मागच्या बाभळीत अडके. तिकडच्या रुंद नद्यांवर सराईतपणे खेळणारा मुलगा इथे रडकुंडीला आला.

तिसऱ्या दिवशी पलीकडे जाळे झटकत असलेले एक वृद्ध ढिवर काकाजी पाणी ओलांडून आले. त्यांनी काठी हातात घेतली, दोनदा हलवली, आणि म्हणाले, ‘‘काठी नामी हाये, बाबू. पन तुही नदी मोठी असंन. इथं दोर बाहेर निंगतेच किती? पंधरा फूट. तेवढ्याचं वजन तिले समजतच नाही.’’

मग आपल्या जाळ्याच्या काठाची शिशाची मणिमाळ दाखवून म्हणाले, ‘‘उथळ पान्याचं जाळं अलग, डोहाचं अलग. तसंच हे.’’

भाचा माझ्याकडे पाहू लागला. गोष्ट अगदी खरी होती. नंबर ठरतो तीस फुटांवर. धामेच्या त्या अरुंद वळणावर दोरी काठीबाहेर पडते त्याच्या निम्मी. शिवाय दोरीचे टोक निमुळते असते, त्यामुळे पाऊण तोळ्याचे निम्मे वजनही भरत नाही. जवळच फेकायचे असेल तर काठीच्या नंबरापेक्षा एक नंबर जड दोरी घ्यावी. नेहमीच लांब फेकणाऱ्याला बाहेर पुष्कळ दोरी राहते, त्याने एक नंबर हलकी घेतली तरी चालते. काठी ताठ असेल तर तिलाही थोडे जास्त ओझे मानवते. मागे झाडी असेल तर दोरी मागे न नेता पाण्यावरूनच गुंडाळीसारखी पुढे फेकायची, आणि त्याला दोन्ही टोकांना सारखी निमुळती असलेली दोरी बरी. शिवाय तिचे एक टोक झिजले की उलटी करून दुसरे वापरता येते; कोटाचे कापड उलटवून पुन्हा शिवून घेणाऱ्या आपल्या वाडवडिलांना ही दोरी फार आवडली असती.

जाता जाता एक सांगतो. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याचा ‘मानसोल्लास’ (शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९) आम्ही मराठीचे मास्तर त्यातल्या जुन्या मराठी ओळींपुरताच उघडतो. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ म्हणून गळाने मासे धरण्यावर एक प्रकरण आहे. दोरी, काठी, आमिष, सगळ्यांचा विचार त्यात केलेला आहे. इतकी वर्षे शिकवूनही ते मी वाचलेले नव्हते. भाच्याच्या निमित्ताने वाचले.

सहा नंबरची दोरी वर्ध्यात मिळणे शक्य नव्हते. मुंबईहून मागवली, ती यायला चार दिवस लागले. रजेचे तीन दिवस उरले होते. दहाव्या दिवशी सकाळी ऊन वर येण्याआधी आम्ही डोहावर गेलो. काकाजीही आले. पहिल्याच झुल्याला काठी कमानीसारखी वाकली आणि माशी आजोबांच्या बसण्याच्या खडकापुढे जाऊन टेकली. अर्ध्या तासाने एक बोटभर चंदेरी मासा लागला. भाच्याने हात ओले करून तो धरला, पाहिला आणि पाण्यात सोडून दिला.

‘‘सोडाचाच होता त धरला कायले?’’ काकाजींनी विचारले.

भाच्याने उत्तर दिले नाही. डोळे पुसत होता, तेव्हा मीही विचारले नाही.

काठी तो माझ्याकडे ठेवून गेला. दोरी साध्या साबणाच्या पाण्यात धुऊन, पुसून, सैल वेटोळे करून ठेव, उन्हात ठेवू नकोस, म्हणून चारदा बजावले. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला भिडतो आणि प्लॅस्टिकच्या ह्या दोरीला तो सोसत नाही. म्हणून ती घरातल्या सर्वांत थंड जागी, माझ्या आईच्या पैठणीशेजारी, फडताळात ठेवली आहे. येत्या दिवाळीला तो पुन्हा यायचा आहे.