पॉलुस पोटरचा खोंड

हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात पॉलुस पोटरने १६४७ साली रंगवलेला एक खोंड आहे. चित्राची रुंदी सुमारे ३.४ मीटर, उंची २.३५ मीटर. खोंड अगदी खऱ्या मापाचा. एवढा मोठा कॅनव्हास त्या काळी युरोपात संत, राजे आणि लढाया यांच्या वाट्याला येई. विशीतल्या पोटरने तो कुरणातल्या जनावराला दिला.

याचा अर्थ काय लावायचा? एक अर्थ सहज सुचतो: हा खोंड म्हणजे हॉलंड. पाणी हटवून मिळवलेली कुरणे आणि लोणी-चीजचा व्यापार यांवर हा प्रांत सधन झाला होता. पुढच्याच वर्षी, १६४८ मध्ये, स्पेनने डच स्वातंत्र्य मान्य केले. क्षितिजावरचा चर्चचा मनोरा हेगजवळच्या रायस्वाइक गावचा आहे, म्हणजे मुलूखही नेमका ओळखता येतो.

मला मात्र हा अर्थ अपुरा वाटतो. राष्ट्राचे प्रतीक रंगवणारा माणूस शेणाचे पो, खोंडाभोवती घोंगावणाऱ्या माश्या आणि गवतातला बेडूक इतक्या निगुतीने कशाला रंगवेल? चित्राची बांधणीही वेगळेच सांगते. पोटरने आधी एकटा खोंडच योजला होता. नंतर दोन्ही बाजूंना आणि वर कापडाच्या पट्ट्या जोडून त्याने चित्र वाढवले आणि त्यात गुराखी, मेंढ्या, झाड यांना जागा केली. माणूस इथे मागाहून आला आहे. तो झाडामागे, कडेला उभा आहे. मधली जागा खोंडाचीच राहिली. चित्राचा खरा अर्थ मला या क्रमात दिसतो.

जाणकारांनी खोंडाच्या अंगात दोषही काढले आहेत. खांदे भरलेल्या, वयात आलेल्या वळूचे. मागचा भाग मात्र कोवळ्या जनावराचा. निरनिराळ्या वयांच्या जनावरांचा अभ्यास एकाच देहात जुळवल्याचा हा परिणाम. जबडा उघडून दातांवरून जनावराचे वय, म्हणजे आदत की दोनदाती, हे ठरवणाऱ्या आपल्या बाजारातल्या शेतकऱ्याच्या नजरेतून ही विसंगती सुटली नसती. पण त्याच शेतकऱ्याने बसलेल्या गाईची ओली नाकपुडी आणि खोंडाच्या कपाळावरचे कुरळे केस पाहून हेही ओळखले असते, की हा चित्रकार गुरांजवळ पुष्कळ वेळ उभा राहिला आहे. माझ्या लेखी ते निरीक्षण त्या दोषापेक्षा मोठे आहे.

१७९५ मध्ये फ्रेंचांनी हे चित्र पॅरिसला नेले आणि लूव्ह्रमध्ये लावले. नेपोलियनच्या पाडावानंतर, १८१५ मध्ये, ते परत आले. पोटर १६५४ मध्ये क्षयाने गेला, तेव्हा तो २८ वर्षांचा होता.

मॉरित्सहाउसला जाणारे बहुतेक जण व्हर्मीरची मोत्याचे कर्णभूषण ल्यालेली मुलगी पाहायला जातात. तुम्ही गेलात तर या खोंडासमोरही थांबा, आणि त्याच्या पाठीजवळच्या माश्या जरूर शोधा.