सरळ वाटांची साक्ष
(बहुचल कलन समजून घेताना : भाग ६)

एका चलाचं फल असतं तेव्हा शून्याकडे यायच्या वाटा दोनच, डावीकडून नाहीतर उजवीकडून. दोन्हींकडून एकच उत्तर आलं की सीमा सापडली. गेल्या आठवड्यात आपण दोन चलांच्या मैदानात उतरलो. इथे आरंभबिंदूकडे कुठूनही येता येतं. आज त्या ‘कुठूनही’कडेच बघायचं आहे, कारण बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला पुष्कळ गुण याच शब्दापाशी सांडतात.

वर्गात पहिलं उदाहरण ठरलेलं: क्ष·य / (क्ष² + य²). (मधलं टिंब मुद्दाम दिलंय. ही दोन अक्षरं शेजारी लिहिली की ‘क्षय’ होतो, आणि तो विषय वेगळा.) क्ष-अक्षावरून आलात तर किंमत सतत ०. य = क्ष या रेषेवरून आलात तर सतत १/२. दोन वाटांनी दोन उत्तरं, तेव्हा सीमा नाही. यातूनच परीक्षेची हुकमी युक्ती निघते: य = म·क्ष घाला; उत्तरात ‘म’ उरला तर सीमा नाही. इथवर बिनचूक. घोळ होतो तो पुढच्या ओळीत: ‘म उडाला, म्हणून सीमा आहे.’ ही ओळ मीही एका पेपरात मोठ्या आत्मविश्वासाने लिहिली होती. तपासणाऱ्यांनी तिच्यावर एक आडवी रेघ मारली होती, बाकी काही नाही.

त्या पेपरातलं फल असं: क्ष²·य / (क्ष⁴ + य²). य = म·क्ष घातलं की ते म·क्ष / (क्ष² + म²) होतं आणि क्ष शून्याकडे गेला की शून्यच होतं, म कोणताही असो. दोन्ही अक्षांवर तर ते आधीपासूनच शून्य. मैदानातली एकूण एक सरळ वाट ‘शून्य’ अशी साक्ष देते. आता य = क्ष² या अन्वस्तावरून, म्हणजे पॅराबोलावरून, चालत या. वर क्ष⁴, खाली दोनदा क्ष⁴. किंमत १/२, अगदी शेवटच्या पावलापर्यंत. म्हणजे सीमा नाहीच.

मग एवढ्या साऱ्या रेषा खोटं बोलल्या का? नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. चढ म असलेली रेषा त्या अन्वस्ताला क्ष = म पाशी छेदते, आणि छेदते तिथे तिच्यावरही किंमत १/२ असतेच. चढ १/१०० असेल तर ती रेषा चढत चढत, आरंभबिंदू जेमतेम एक शतांश उरला असताना अर्ध्यावर पोहोचते आणि तिथून पुढे शून्याकडे घसरते. चढ १/१००० असेल तर ही घसरण आणखी उशिरा सुरू होते. प्रत्येक रेषा शून्याला पोहोचते खरी, पण सगळ्या मिळून एका अंतराच्या आत पोहोचतील असं अंतरच नाही. कितीही छोटं वर्तुळ काढा, त्यात अजून अर्ध्यावरच असलेली एखादी रेषा सापडतेच.

ही चूक फक्त विद्यार्थ्यांची नाही. पॅरिसच्या जोझेफ सेरे यांचं कलनाचं पुस्तक एकोणिसाव्या शतकात मान्यता पावलेलं, पण किमान बिंदू ओळखण्याची त्यांची कसोटी सदोष होती. ते दाखवलं १८८४ साली, तूरिनच्या ज्युझेप्पे पेआनोने. शेतकरी घरातला हा मुलगा तेव्हा पंचविशीत होता. ज्या पुस्तकात हे छापलं त्यावर नाव त्याच्या गुरूंचं, जेनोक्कींचं. आणि गुरूंनी ‘हे माझं नव्हे’ म्हणून जाहीरपणे हात झटकले! पेआनोच्या उदाहरणाचं आज पुस्तकांत दिसणारं एक रूप: (य − क्ष²)(य − ३क्ष²). आरंभबिंदूवर उभे राहा आणि कोणत्याही सरळ दिशेने निघा, सुरुवातीला चढच लागतो. वाटतं, आपण तळाशी आहोत. पण य = २क्ष² या वळणावरून निघालात तर उंची −क्ष⁴, म्हणजे पहिल्या पावलापासून उतार. दोन अन्वस्तांमधून एक बारीक नळी खाली गेलेली आहे, आणि कोणतीही सरळ रेषा आरंभबिंदूतून थेट तिच्यात शिरत नाही. सह्याद्रीत नळीच्या वाटेने उतरलेल्यांना हे पटवायला लागू नये.

मग सीमा आहे हे दाखवायचं कसं? वाटा मोजणं सोडून द्यायचं. वाटा तपासून फक्त ‘नाही’ सिद्ध होतं. ‘आहे’ म्हणायचं तर आरंभबिंदूभोवतीचं अख्खं वर्तुळ एकदम कह्यात घ्यावं लागतं. एप्सिलॉन-डेल्टाच्या व्याख्येत वाटेचा उल्लेखच नसतो तो यामुळे. उदाहरणार्थ क्ष²·य / (क्ष² + य²). यातला क्ष² / (क्ष² + य²) हा भाग कधीच १ च्या वर जात नाही, त्यामुळे चिन्ह सोडलं तर संपूर्ण किंमत य पेक्षा मोठी होत नाही. वर्तुळाची त्रिज्या एक शतांश घेतलीत तर आतल्या प्रत्येक बिंदूवर किंमत एक शतांशाच्या आत. कुठून आलात हा प्रश्नच उरत नाही. सीमा शून्य.

पुढच्या आठवड्यात आंशिक विकलज. त्याआधी एक काम घरी करून ठेवा. आजच्या पहिल्या फलाची, क्ष·य / (क्ष² + य²) याची, आरंभबिंदूवरची किंमत ० ठरवून टाका आणि तिथे दोन्ही आंशिक विकलज काढून पाहा. दोन्ही निघतात, आणि दोन्ही शून्य येतात. ज्या फलाला त्या बिंदूवर सीमासुद्धा नाही, त्याला विकलज कुठून मिळाले, ते वहीत दोन ओळींत लिहा.