रोखून धरणाऱ्या कॅटमधले जीव

मेंढीकोट खेळणाऱ्या वऱ्हाडी माणसाला पाने निवडावी लागत नाहीत. पिसली, वाटली, हातात आले ते आले, कौशल्य त्यापुढचे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यातही तेच. तिथे मत्स्य, कूर्म, वराह असे जीव १२० गोल पानांवर रंगवलेले असतात, पण कोणता अवतार सोबत घ्यायचा हे खेळणारा ठरवत नाही. दहाही अवतार डावात असतातच. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकी गणितज्ञाने 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ आणला आणि पत्त्यांची ही जुनी अटच काढून टाकली. कॅट ज्याचा त्याने बांधून आणायचा. किमान ६० पाने, आणि साध्या जमिनी वगळता एकाच पानाच्या चारपेक्षा जास्त प्रती नाहीत. निवडायला मात्र हजारो वेगवेगळी पाने. निम्मा खेळ पहिले पान पडण्याआधीच होऊन गेलेला असतो.

अकोला-अमरावतीकडची जी मुले हा खेळ खेळताना मी पाहिली, ती मोबाइलवर खेळणारी. तिथे हवे ते दुर्मीळ पान मिळवायला 'वाइल्डकार्ड' खर्चावे लागते आणि पैसे न भरणाऱ्याकडे ती मोजकीच असतात. चुकीच्या जिवावर चार वाइल्डकार्डे गेली की पुढचे कित्येक दिवस लंगड्या कॅटवर काढायचे. अकोल्याच्या माझ्या पुतण्याचा प्रश्न म्हणूनच साधा नव्हता : कंट्रोलच्या कॅटमध्ये जीव कोणते घ्यायचे?

आधी खेळ थोडक्यात. दोघांकडे २० प्राण. आपल्या पाळीला एक जमीन मांडता येते, आणि जमिनींतून मिळणाऱ्या शक्तीवर बाकीची पाने खेळायची. (जमिनीपासून सुरू होणारा खेळ वऱ्हाडात परका वाटायचे कारण नाही.) जिवाच्या पानावर दोन आकडे असतात, मारा किती आणि सोसणे किती. काही कॅट पहिल्या पाळीपासून लहान जीव सोडून धावून येतात. कंट्रोलचा कॅट उलट्या स्वभावाचा. समोरच्याची पाने थोपवायची, त्याचे जीव मारायचे, आपल्या हातात पाने जास्त ठेवायची आणि दम संपलेल्या प्रतिस्पर्ध्याला सावकाश संपवायचे.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनला नेऊन दाखवलेली कबड्डी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा स्वभाव कळेल. चढाईवर जगणारा संघ वेगळा, पकडीवर जगणारा वेगळा. आता अशी कल्पना करा की चढाईला आलेल्याला शिवायला गडीच सापडू नये. कबड्डीत हे शक्य नाही, मॅजिकमध्ये आहे.

ते करून दाखवले ब्रायन वाइसमन याने, १९९०च्या दशकाच्या मध्यात. त्याच्या कॅटला लोक नुसते 'द डेक' म्हणत. जिंकून देणारे जीव त्यात दोनच होते, 'सेरा एंजल'च्या दोन प्रती. पाच शक्तीची, मारा चार, सोसणे चार, उडणारी. आपल्याकडे दोनच का, असा प्रश्न नवख्याला पडतो. समोरच्याने आपल्या कॅटमध्ये जीव मारणारी पाने भरलेली असतात. मारायला कोणी नसेल तर ती त्याच्या हातात कुजतात. त्याच्या हातात सात पाने दिसतात, कामाची मात्र चारच. जीव न घेणे हेच इथे हत्यार झाले. शिवाय वाइसमनच्या कॅटमध्ये 'मोट', म्हणजे खंदक, नावाचे पान होते. ते मैदानात असेपर्यंत न उडणाऱ्या कोणत्याही जिवाला हल्ला करता येत नाही. समोरचे सगळे खंदकापलीकडे अडकलेले आणि एंजल वरून जाणारी. तिची निवड ताकदीपेक्षा याच मेळामुळे झाली, असे मला वाटते.

ताकदीचा मोह भल्याभल्यांना सुटत नाही. २००९ची 'बेनस्लेयर एंजल' पाच शक्तीतच मारा पाच, सोसणे पाच देते, उडते, प्राणही परत मिळवून देते. २००७चा 'मलड्रिफ्टर' त्याच किमतीत दोन-दोनचा किरकोळ जीव. पण तो मैदानात येताच आपण दोन पाने उचलतो. समोरच्याने एका स्वस्त पानाने बेनस्लेयर मारली तर आपली पूर्ण पाळी पाण्यात. मलड्रिफ्टर मारला तरी दोन पाने हातात राहिलेलीच. 'आल्या आल्या मेला तर माझ्याकडे काय उरते?' कंट्रोलवाल्याने प्रत्येक जिवाला हे विचारावे. कपाशीत तुरीचे तास धरणाऱ्याला याचे नवल वाटू नये.

'वॉल ऑफ ओमेन्स' या परीक्षेत सहज पास होते. दोन शक्तीची भिंत, मारा शून्य, सोसणे चार, आणि येताच एक पान. हल्ला तिला करताच येत नाही, पण सुरुवातीच्या चार पाळ्या तीच वाचवते. अशा भिंती सहसा दुर्मीळ नसतात, त्यामुळे पुतण्याला मी त्या आधी घ्यायला सांगितल्या.

दुसरी कसोटी वेळेची. आपल्या पाळीत शक्ती जिवावर खर्चली तर समोरच्याच्या पाळीत थोपवायला काही उरत नाही. म्हणून त्याच्याच पाळीत टाकता येणारे जीव मोलाचे. २०११चा 'स्नॅपकास्टर मेज' तसाच, खर्ची पडलेला मंत्र पुन्हा वापरू देणारा. २०१६च्या 'कलादेश' संचातला 'टोरेन्शियल गिअरहल्क' त्याचाच थोराड भाऊ. सहा शक्तीचा, मारा पाच, सोसणे सहा. हा संच भारतीय कलेवरून रचलेला. त्यातल्या शहराचे नाव घिरापूर, आपल्या एखाद्या तालुक्यात शोभेल असे.

संख्येचे माझे मत : साठांत २६ जमिनी, जीव चार ते सहा. 'अजून एक' म्हणत दहावर गेलेला कॅट धड धावतही नाही, धड थोपवतही नाही.

तीन डावांच्या सामन्यात मात्र गंमत वेगळीच. पहिल्या डावानंतर बाजूच्या १५ राखीव पानांतून बदल करता येतो. तुमच्याकडे जीव नाहीत हे पाहून समोरचा मारणारी पाने काढून टाकतो. नेमके तेव्हा राखीवमधून तीन बेनस्लेयर आत घ्यायच्या. आता तिला मारायला त्याच्याकडे काही नसते; मुरलेला खेळाडू मात्र हा डाव ओळखून दोन पाने मुद्दाम मागे ठेवतो.