वऱ्हाडचा कायम पट्टा (१९०२)

वऱ्हाडवरील निजामाचे सार्वभौमत्व मान्य करून त्या प्रांताचा कारभार वार्षिक २५ लाख रु. खंडाच्या मोबदल्यात ब्रिटिश सरकारकडे कायमचा सोपविणारा करार. हैदराबादचा सहावा निजाम मीर महबूब अली खान (कार. १८६९–१९११) व ब्रिटिश सरकार यांच्यात तो ५ नोव्हेंबर १९०२ रोजी झाला. अमरावती, एलिचपूर, अकोला, बुलढाणा, वाशीम व वणी (नंतरचा यवतमाळ) हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आले. सार्वभौमत्व एकाचे व कारभार दुसऱ्याचा, ही विसाव्या शतकाच्या आरंभीच्या यूरोपीय राजनयात रूढ असलेली व्यवस्था या कराराने विदर्भाच्या भूमीवर कायम केली.

पूर्वपीठिका : हैदराबाद काँटिंजंट या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेचा खर्च निजामाच्या खजिन्यावर पडे. तो थकत जाऊन कर्ज वाढले. २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रदेश या खर्चासाठी ब्रिटिशांच्या व्यवस्थेखाली गेले. १८५७ च्या उठावात हैदराबाद संस्थान ब्रिटिशांच्या बाजूने राहिल्याने १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर दुआब परत मिळाले, सुरपूर निजामास देण्यात आले आणि सु. ५० लाख रुपयांचे कर्ज रद्द झाले. वऱ्हाड मात्र विश्वस्त या नात्याने ब्रिटिशांकडेच राहिला. खर्च वजा जाता उरणारी शिल्लक निजामास द्यावयाची होती. पण तिचा हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडून दिला होता. दिवाण पहिला सालारजंग याने प्रांत परत मिळविण्यासाठी वारंवार प्रयत्न केले, तथापि ते निष्फळ ठरले.

करार व त्याची कलमे : मार्च १९०२ अखेर व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हैदराबादेस गेला व निजामाशी प्रत्यक्ष बोलणी करून त्याने हा प्रश्न निकालात काढला. कराराचे मर्म तीन गोष्टींत होते : वऱ्हाडवरील निजामाच्या सार्वभौमत्वाचा पुनरुच्चार, प्रांताचा कायम पट्टा व ठराविक खंड, आणि काँटिंजंट फौजेची पुनर्रचना करण्याची ब्रिटिश सरकारला मुभा. प्रांताची व्यवस्था योग्य वाटेल त्या रीतीने करण्याचा अधिकारही सरकारला मिळाला. खंडाच्या रकमेतून आरंभीची काही वर्षे कर्जफेडीसाठी वजावट होत असे. १ ऑक्टोबर १९०३ रोजी वऱ्हाड मध्य प्रांतास जोडण्यात आला. १९०५ मध्ये सहा जिल्ह्यांचे चार झाले. वणी जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले व पुसद तालुका त्यास जोडला गेला.

यूरोपीय राजनयातील समांतर उदाहरणे : १८७८ च्या बर्लिन परिषदेने बॉस्निया-हेर्ट्सगोव्हीना हे प्रांत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या कारभाराखाली दिले, सार्वभौमत्व तुर्की सुलतानाचेच मानले गेले. त्याच वर्षी सायप्रसचा कारभार अशाच रीतीने ब्रिटनकडे आला व त्यापोटी सुलतानास वार्षिक रक्कम देण्याचे ठरले. १८९८ मध्ये जर्मनीने जिआओजोऊ ९९ वर्षांच्या, तर रशियाने पोर्ट आर्थर २५ वर्षांच्या पट्ट्याने चीनकडून घेतले. नोव्हेंबर १९०३ मध्ये अमेरिकेने पनामा कालव्याचा पट्टा कायमचा मिळविला. तेथेही वार्षिक रक्कम ठरली होती. अशा व्यवस्थेत दुर्बल पक्षाची प्रतिष्ठा कागदावर राखली जाई व बलवान पक्षास जिंकून घेतल्याचा दोष न येता मुलूख हाती येई.

या व्यवस्थांचा शेवट मात्र भिन्न प्रकारे झाला. ऑक्टोबर १९०८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने बॉस्निया सामील करून घेतला, तेव्हा बर्लिनच्या तहावर स्वाक्षऱ्या करणाऱ्या सत्तांपुढे प्रश्न उभा राहिला. सर्बिया व रशिया यांचा रोष ओढवला, तुर्कस्तानास नुकसानभरपाई द्यावी लागली आणि यातून वाढलेले वैर पहिल्या महायुद्धाच्या कारणांपैकी एक ठरले. वऱ्हाडच्या बाबतीत दाद मागण्यास तिसरा पक्षच नव्हता. हिंदुस्थान सरकार व संस्थाने यांच्या संबंधांना आंतरराष्ट्रीय विधीची तत्त्वे लागू होत नाहीत, असे सरकारने मणिपूर प्रकरणाच्या संदर्भात २१ ऑगस्ट १८९१ च्या अधिसूचनेने जाहीर केले होते. त्यामुळे कराराची भाषा दोन सार्वभौमांच्या तहाची असली, तरी त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार एकाच पक्षाकडे होता.

परिणाम : वऱ्हाडची जनता विधीच्या दृष्टीने निजामाची प्रजा राहिली. वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नसल्याने तेथे परराष्ट्रीय अधिकारक्षेत्राच्या तरतुदींनुसार कायदे लागू करावे लागत. १९१९ च्या सुधारणांनंतरही वऱ्हाडच्या मतदारांनी निवडलेल्या प्रतिनिधीची विधिमंडळावर औपचारिक नियुक्ती सरकारला करावी लागे. वणी येथे जन्मलेले व यवतमाळ येथे वकिली करणारे लोकनायक माधव श्रीहरी अणे हे मध्यवर्ती विधिमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी होते.

सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितला व तेथील जनतेला स्वायत्त शासन देण्याची तयारी दर्शविली. सरकारने ही मागणी फेटाळली. २७ मार्च १९२६ च्या पत्रात व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने ब्रिटिश राजसत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ असून कोणत्याही संस्थानिकास तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी करता येणार नाहीत, असे बजावले. अधिसत्तेच्या सिद्धांताचे हे सर्वांत स्पष्ट विवेचन समजले जाते. ऑक्टोबर १९३६ मध्ये नवा करार होऊन निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य करण्यात आले. त्याच्या वारसास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. परंतु १९३५ च्या कायद्याखाली वऱ्हाड मध्य प्रांताबरोबरच शासित राहिला.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी ब्रिटिश अधिसत्ता संपली व निजामाने स्वतंत्र राहण्याची भूमिका घेतली. वऱ्हाड मात्र भारतात मध्य प्रांताबरोबरच राहिला. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर निजामाच्या दाव्यास अर्थ उरला नाही. १९५६ मध्ये हा प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला.

मूल्यमापन : या कराराने कर्झनला एक जुना वाद मिटविल्याचे श्रेय मिळाले व ब्रिटिशांना सुपीक काळ्या जमिनीचा, कापसाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेला प्रांत स्थायी स्वरूपात मिळाला. निजामाकडे नाममात्र सार्वभौमत्व व खंड एवढेच राहिले. १८५३, १८६०, १९०२ व १९३६ या चारही करारांत ज्यांच्या भूमीविषयी निर्णय झाला, त्या वऱ्हाडच्या जनतेची संमती घेण्यात आली नव्हती. या बाबतीत वऱ्हाड व बॉस्निया यांची स्थिती सारखीच होती.